पुढच्या रांगा ताईंसाठी

परिषदेच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आणि पहाटेची गाडी पकडून आलेल्या अंगणवाडी ताईंनो,

स्वागत समितीच्या वतीनं डहाणूत आपलं मनापासून स्वागत. बालशिक्षणाची चर्चा या भागाला नवी नाही. इथून जवळच, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. नाव पोचलं, त्यातला जीव सगळीकडे पोचला नाही, याची मला खंत आहे.

गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावरच्या अंगणवाडीत बसलो होतो. छत गळत होतं. ताई रजिस्टर भरत होती. चार वर्षांची एक पोर तिचा पदर ओढून म्हणाली, "आमची कोंबडी हरवली." ताईनं पेन खाली ठेवलं. "कुठं गेली असेल गं?" "करवंदीच्या जाळीत." "तिथं काय करत असेल?" पोर विचारात पडली. मग म्हणाली, "अंडी घालत असेल!" झालं, सगळी पोरं बोटांवर अंडी मोजायला लागली. रजिस्टर तसंच राहिलं. बालसंगोपनाचा दर्जा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे खाली ठेवलेलं पेन दाखवीन. रंगवलेल्या भिंती आणि खेळणी हवीतच, पण ती त्यानंतर.

असं लक्ष मिळालेल्या पोरांचं पुढे काय होतं? अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६२ साली पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं. त्यांतली ५८ बालशाळेत गेली. पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका, आणि दर आठवड्याला घरी भेट. या मुलांनी बुद्ध्यांकात घेतलेली आघाडी काही वर्षांत ओसरली. प्रयोग फसला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. चाळिशीत पाहिलं तर बालशाळेत न गेलेल्यांपेक्षा यांची कमाई जास्त होती, शालेय शिक्षण पुरं केलेले अधिक होते, अटक झालेले कमी होते.

आपली ताई मात्र कित्येक ठिकाणी तीस-तीस मुलांत एकटी असते. वजनं, सर्वेक्षण, मोबाईलवरच्या नोंदी, सगळं तिच्याच अंगावर. ती कोंबडीची गोष्ट ऐकणार कधी? तिच्या हातातली कागदी कामं कमी करा, तिला शिक्षिकेचा पगार आणि प्रशिक्षण द्या, ही मागणी मी स्वागताच्या भाषणातच करतो. अनुचित वाटलं तरी चालेल.

ज्या ताई लहानग्यांना घेऊन आल्यात, त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत पाळणाघर मांडलं आहे. आणि या पुढच्या तीन रांगा आम्ही पाहुण्यांसाठी नाही, तुमच्यासाठी राखल्या आहेत. मागे उभ्या असलेल्या ताईंनी कृपया पुढे येऊन बसावं. तोवर आपण थांबू.