कमरेची कळ आणि मनाची तळमळ

माउली, साजगावचा विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे. आणि आपल्या कर्जत-खालापूरच्या बायाही लावणीच्या दिवसांत चिखलात कमरेवर हात ठेवूनच उभ्या राहतात! हसू नका. दिवसभर वाकून भात लावायचं, रात्री कूस बदलवत नाही, आणि घरात कुणाला सांगायचं नाही.

दुखणं एक, पण त्याचे दोन होतात. कळ शरीरात आणि ‘उद्या कसं होईल’ ही तळमळ मनात. मन आवळलं की पाठही आवळते, कळ वाढते. ध्यान ही गाठ सैल करतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन-ध्यान आहेच. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनीही जुनाट दुखण्याच्या रोग्यांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं.

बसवत नसेल तर आडवे व्हा, गुडघे वाकवा. श्वास आला, गेला, त्यावर नाम. कळेशी भांडू नका. रोज १५ मिनिटं. मणका त्यानं बदलत नाही, सोसणं हलकं होतं. पण पाय बधिर झाला, लघवी अडली, तर नाम घेत तडक डॉक्टर गाठा!

आणि माउली, दुखणं घरात सांगा. देव ऐकतोच, घरच्यांनीही ऐकावं. बोला, रामकृष्णहरी!