मलपृष्ठावरील दहा ओळी



गेल्या हिवाळ्यात माझ्या एका बालमैत्रिणीने आपल्या मराठी कादंबरीचे हस्तलिखित माझ्याकडे पाठवले आणि सोबत विनंती केली की, पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी दहा ओळी लिहून दे. प्रकाशकाची मर्यादा शंभर शब्दांची. चारशे पाने वाचायला मला आठ दिवस लागले. दहा ओळी लिहायला सहा आठवडे.

इंग्रजीत या मजकुराला ब्लर्ब म्हणतात. शब्द इथलाच, अमेरिकेतला. १९०७ साली जेलेट बर्जेस या विनोदी लेखकाने पुस्तकविक्रेत्यांच्या मेजवानीसाठी आपल्या पुस्तकाचे खास वेष्टन छापले. त्यावर मिस बेलिंडा ब्लर्ब नावाची तरुणी तोंडाशी हात धरून पुस्तकाची थोरवी ओरडून सांगत होती. मराठीत काही जण त्याला पाठराखण म्हणतात, आणि मला तो शब्द अधिक भावतो. नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत एखादी जाणती बाई पाठराखीण म्हणून जात असे. तिने सासरच्या ओटीवर बसून माहेरचे सगळे सांगायचे नसते, पण खोटेही बोलायचे नसते.

हे काम मला जमेल असे वाटले होते. परिचारिका म्हणून पाळी बदलताना रुग्णाची हकीकत चार वाक्यांत सांगण्यात माझा जन्म गेला. परंतु तेथे शेवट आधी सांगावा लागतो: ताप उतरला, रक्तस्राव थांबला नाही. येथे शेवटच झाकायचा. माझा पहिला मसुदा केसपेपरासारखा उतरला. नायिका, वय एकोणीस, राहणार रेवदंडा; पुढे घडले ते क्रमाने; अखेरीस मृत्यू. मैत्रिणीने फोनवर विचारले, "अगं, डिस्चार्ज कार्ड लिहिलंस का?"

दुसरा मसुदा मी नवगावच्या किनाऱ्यावरून सुरू केला. फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. शंभरांतले साठ शब्द त्यातच संपले! आपल्याविषयी कोणी काही लिहू लागले की आधी ते गलबत फुटतेच. परक्यांना ओळख हवी, हे मान्य. पण कादंबरी १९५० सालच्या घरात घडते, आणि नायिकेने ते गलबत स्वप्नातही पाहिलेले नाही.

ओळख करून देताना आपण कोणाच्या तोंडाकडे पाहतो, त्यावर शब्द ठरतात. मीरा महादेवन आपल्यातल्याच, जन्मनाव मिरियम. बेने इस्राएल कुटुंबावरची त्यांची कादंबरी १९६१ साली हिंदीत 'अपना घर' या नावाने आली. १९७५ साली इंग्रजीत तीच 'शुलामिथ' झाली. हिंदी वाचकाला घर दाखवले, इंग्रजी वाचकाला ज्यू नाव. दोन्ही खरीच.

तिसरा मसुदा मला स्वतःला आवडला. दोन घराण्यांतील दुरावा, त्यात सापडलेली दोन तरुण मने, वगैरे. मैत्रीण तो वाचून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काळे इस्राएल हे शब्द कुठे आहेत?"

कुठेच नव्हते, आणि कादंबरी तर त्यावरच आहे. आपल्यातील ज्येष्ठांना हे ठाऊक आहे. ज्यांच्या वंशात आई बाहेरची, त्यांना काळे म्हणायचे आणि स्वतःला गोरे. त्यांच्याशी सोयरीक नाही, एका पंगतीत जेवण नाही. १९६२ साली इस्राएलमधील मुख्य रब्बीनेटने विवाहासाठी आपल्या पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम काढला, तेव्हा आपण संतापलो. १९६४ साली आपली माणसे जेरुसलेममध्ये निदर्शनांना बसली, आणि ते योग्यच होते. पण तीच चौकशी कोकणात आपण आपल्याच माणसांची करीत आलो होतो.

मी ते शब्द गाळले, ते कथेचा शेवट झाकावा म्हणून नव्हे. माझ्या आजीच्या घरी फडताळात एक पेला वेगळा ठेवलेला असे. तो कोणासाठी, हे लहानपणी मी विचारले नाही. मोठेपणी विचारण्याची गरज उरली नाही. एखाद्या परक्या माणसाने पुस्तक उलटवावे आणि आपल्याविषयी हेच प्रथम वाचावे, हे मला नको होते. पाठराखीण म्हणून गेले आणि नवरीचे नावच सांगेना, असा तो प्रकार.

चौथा मसुदा एका बैठकीत झाला. त्यात गलबत नाही, मृत्यूही नाही. मलिद्याच्या दिवशी पंगतीत नायिकेच्या आईचे पान का मांडलेले नाही, एवढेच विचारले आहे. आणि ते दोन शब्द दुसऱ्याच ओळीत आहेत. चौऱ्याण्णव शब्द भरले. मैत्रिणीने 'हृदयद्रावक' हे विशेषण काढायला लावले, तेव्हा त्र्याण्णव राहिले.

पुस्तकाच्या प्रती आल्या की एक आपल्या वाचनालयाला देईन, एक नातीला. तिला मराठी समजते, वाचता येत नाही. तेव्हा त्या दहा ओळी मलाच मोठ्याने वाचून दाखवाव्या लागतील.