पत्र्याच्या पेटीतली लग्नाची कॅसेट

बचत गटाचं बोलणं म्हटलं की हप्ते, व्याज, शेळ्यांचा विमा. आज मात्र आम्ही पत्र्याच्या पेटीत, शालूच्या खाली ठेवलेल्या लग्नाच्या कॅसेटबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात आमच्या गटातल्या एका काकूंपासून झाली. त्यांचं लग्न १९९४ सालचं. कॅसेट आहे, पण ती लावायला गावात व्हीसीआरच उरला नाही. लग्नानंतर दोन वर्षांत काकूंची आई गेली. बैठकीत त्या म्हणाल्या, "फोटो आहे गं आईचा, पण आवाज कसा होता तेच आठवेना." हळदीच्या दिवशी घाणा भरताना आईनं ओव्या म्हटल्या होत्या आणि तेव्हा कॅमेरा चालू होता, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं.

तालुक्याच्या गावी चौकशी केली, तर एका कॅसेटचे ४०० रुपये आणि कॅसेट आठ दिवस ठेवून जायची. पैशापेक्षा ठेवून जायचाच धीर होईना. मग एका वहिनींच्या मुंबईच्या भावाकडं पडून असलेला व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर आम्ही मागून आणला. हा रेकॉर्डर दिसायला सीडी लावायच्या प्लेअरसारखाच, पण तो चकतीवर चित्र भरूनही घेतो. व्हीसीआर नवा घ्यावा म्हणाल, तर फुनाई नावाची जपानी कंपनी शेवटपर्यंत ते बनवत होती, तिनंही २०१६ साली बंद केले. त्यामुळं जे मशीन आहे ते जपायचं.

आणि पहिल्याच दिवशी आम्ही ते जपलं नाही. एका ताईंच्या कॅसेटच्या खिडकीतून आत फितीच्या कडेला पांढरं पांढरं दिसत होतं. धूळ असेल म्हणून आम्ही वरून पदरानं पुसली आणि लावली. ती बुरशी होती. फीत चिकटली, ओढली गेली आणि पाठवणीच्या जागी तुटली. वर मशीनच्या हेडला घाण लागली, ती वेगळीच. दुसरी कॅसेट लावली तर नुसत्या मुंग्या. ताई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली. आमच्या उत्साहानं त्यांचं नुकसान झालं, हे खरंच आहे.

म्हणून आता कॅसेट आली की आधी उजेडात धरून बघतो. पांढरं दिसलं, कुबट वास आला, तर ती मशीनला लावायची नाही आणि दुसऱ्या कॅसेटांतही ठेवायची नाही, बुरशी पसरते. उन्हात तर अजिबात वाळत घालायची नाही. पापड नाही तो, उष्णतेनं फीत वाकडी होते. अशी कॅसेट जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी.

चांगली असेल, तर तिच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, तो आधी मोडून टाकायचा. तो मोडला की त्या कॅसेटवर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. एका घरी त्याच भोकावर चिकटपट्टी लावून कुणीतरी लग्नावर सिनेमा भरून ठेवला होता! सप्तपदी चालू आणि एकदम मारामारी. त्यानंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढं न्यायची आणि परत मागं आणायची. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली फीत त्यानं मोकळी होते.

वायरींचं काही अवघड नाही. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. व्हीसीआरच्या 'आउट'मधून रेकॉर्डरच्या 'इन'मध्ये. आमच्या व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक आहे, तिथं पांढरी लावतो. आधी दोन मिनिटं भरून बघायचं, आवाज येतोय ना ते ऐकायचं आणि मगच पुढं. इथं घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात. साध्या चकतीवर चांगल्या प्रतीचं दोन तास मावतं, म्हणून लांबलचक लग्नाला आम्ही दोन चकत्या घेतो. एकीत कोंबायला गेलं की चित्र फुटतं.

सगळं भरून झालं की रेकॉर्डरमध्ये 'फायनलाइज' करायचं, म्हणजे चकती बंद करायची. आम्ही हे विसरलो होतो. चकती आमच्या मशीनवर झकास चालली आणि मालकिणीच्या घरच्या प्लेअरवर काहीच दिसेना. चकतीवर नाव बॉलपेननं लिहू नका, ओरखडा पडतो. चकतीही कायमची नव्हे, म्हणून दोन प्रती काढा आणि मुलांना सांगून एक कॉम्प्युटरवर ठेवून घ्या. मूळ कॅसेट टाकू नका.

आता काकूंचं सांगतो. हेड साफ करून घेतल्यावर त्यांची कॅसेट लावली. रंग उडालेला, पण चित्र स्थिर. घाणा भरायचं आलं. आई बसलेली, ओठ हलताहेत, आणि आवाज सिनेमातल्या गाण्याचा! त्या काळी शूटिंगवाले सगळ्या लग्नावर गाणी चढवायचे, आठवतंय ना? काकू नुसत्या बघत राहिल्या. आम्हाला मान वर करवेना. तेवढ्यात गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधी मागचा खरा आवाज आला. ओवी नव्हतीच. "अगं, हळद सांडली बघ तिकडं," एवढंच. काकू म्हणाल्या, "ही आई."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. कॅसेट मागं-पुढं करून फीत झिजते, म्हणून आम्ही चकती पूर्ण होईस्तोवर थांबवलं त्यांना. नंतर चकतीवरून त्यांनी ते किती वेळा ऐकलं, आम्ही मोजलं नाही. चहा दोनदा झाला.

दर बुधवारी दुपारी दोननंतर आम्ही गटाच्या खोलीत असतो. सभासदांना चकतीचा खर्च, बाकीच्यांना १५० रुपये. कॅसेटबरोबर मालकिणीनंही बसायचं, तीन तास. येताना निवडायला काहीतरी घेऊन या. पांढरं आलेली कॅसेटही आणा, बघून सांगू, पण लावा म्हणून आग्रह करू नका.