दाताच्या खुर्चीची भीती वाटते? मग हा एपिसोड तुमच्यासाठी

कुणी पिरंगुटला शिफ्ट संपवून घरी निघालं असेल, कुणी भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल. बाइकवर असाल तर आधी घरी पोचा, मग ऐका. मी कुठे पळून जात नाही.

आजचा विषय दातांचा. म्हणजे दातांपेक्षा, त्या खुर्चीत बसायच्या भीतीचा. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात जे झालं, त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं आणि डॉक्टरांना बरंच पिडलं.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. भाताचं पोतं एकटा उचलणारा गडी. त्याची खालची दाढ किडली आणि त्याने ती चार महिने तशीच ठेवली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. आजीने तर मशेरी लाव म्हणून सांगितलं. मशेरी म्हणजे तंबाखूच, तिने दाढ बरी होत नाही. आणि मी काय केलं? मी हसलो. म्हटलं, 'एवढा धिप्पाड माणूस, सुईला घाबरतो?'

एका पहाटे त्याचा गाल आणि जबड्याखालचा भाग टम्म सुजला. तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना. ताप. पौडवरून थेट पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, खालच्या दाढांचा पू गळ्याकडे उतरू शकतो, आणि सूज वाढली तर श्वासाची वाट बंद होते. पू काढला, सलाइनमधून औषधं दिली, वाचला. लक्षात ठेवा: गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला त्रास होतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल.

तिथे रात्री त्याने मला सांगितलं. पाचवीत असताना त्याचा एक दात काढला होता. जागा नीट बधिर झाली नव्हती, हा ओरडत होता आणि दोघांनी हात धरून ठेवले होते. ही गोष्ट त्याने वीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आम्ही विचारलीच कुठे?

तर भीती घालवायला डॉक्टरांकडे काय काय असतं?

आधी एक गोंधळ दूर करू. जागा बधिर करणं वेगळं आणि सिडेशन वेगळं. हिरडीत जे इंजेक्शन देतात, बहुतेक वेळा लिग्नोकेनचं, ते दुखणं थांबवतं. सिडेशन भीती कमी करतं. त्यामुळे सिडेशन घेतलं तरी हिरडीतलं इंजेक्शन लागतंच, फक्त त्याची धास्ती राहत नाही. त्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलिन असतं, म्हणून मिनिटभर छाती धडधडू शकते. अनेकांना वाटतं हार्ट अटॅकच आला. आधी सांगितलेलं असेल तर माणूस घाबरत नाही.

आता पर्याय.

पहिला, गॅस. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन, नाकावर छोटा मास्क. तुम्ही जागे असता, बोलता, फक्त अंग हलकं वाटतं. काही मिनिटांत असर होतो आणि शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की तितक्याच लवकर उतरतो. पण नाक चोंदलं असेल तर उपयोग नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, कानाचं किंवा डोळ्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार, हे सगळं आधी सांगायचं. अजून एक, आपल्याकडे फार महत्त्वाचं: बी-ट्वेल्व्ह. हा गॅस शरीरातलं बी-ट्वेल्व्ह निकामी करतो. ते आधीच फार कमी असेल तर नसांना त्रास होऊ शकतो. शाकाहारी माणसांमध्ये ही कमतरता बरीच दिसते.

दुसरा, गोळी. डायझेपाम, अल्प्राझोलाम, अशी औषधं. साधारण तासभर आधी, काही वेळा आदल्या रात्रीही. ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. मित्राकडची उरलेली गोळी घेऊन जायचं नाही. आणि 'धीर यावा' म्हणून आदल्या रात्री एक पेग, हे तर अजिबात नाही. दारू आणि ही गोळी एकत्र आली की श्वास मंदावू शकतो.

तिसरा, शिरेतून औषध, बहुतेक मिडाझोलाम. नंतर फारसं आठवतही नाही. इथे प्रशिक्षित माणूस हवा, शक्यतो भूलतज्ज्ञ, शिवाय बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, जवळ ऑक्सिजनचा सिलिंडर. किती तास उपाशी राहायचं ते डॉक्टर सांगतील, ते काटेकोर पाळायचं.

चौथा, पूर्ण भूल. हॉस्पिटलमध्येच. अगदी लहान मुलाचे एकदम बरेच दात किडलेत, किंवा एखाद्याला आजारपणामुळे शांत बसताच येत नाही, अशा वेळी.

आणि या सगळ्याच्या आधीचा पर्याय फुकट आहे. डॉक्टरांना सांगायचं, 'मला भीती वाटते.' आणि ठरवायचं: मी डावा हात वर केला की तुम्ही थांबायचं. एवढ्यानेच अनेकांचं अर्धं काम होतं.

या गॅसची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत होरेस वेल्स नावाचा दाताचा डॉक्टर होता. ११ डिसेंबर १८४४ रोजी त्याने हाच गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. दुखलं नाही. मग जानेवारी १८४५ मध्ये बॉस्टनला जाऊन लोकांसमोर प्रयोग केला, पण पेशंट ओरडला आणि सगळे वेल्सला हसले. वाचताना मला दादा आठवला. आपण दुखण्याला आणि भीतीला फार पटकन हसतो.

दादाचं पुढे काय झालं? अजून एका दाढेचं रूट कॅनाल बाकी होतं. या वेळी फोनवर आधीच विचारलं, सिडेशनची सोय आहे का, कोण देणार, एकूण खर्च किती. प्रत्येक दवाखान्यात गॅस नसतो, म्हणून आधी विचारलेलं बरं. आमचा दादा माळकरी. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह तपासायला सांगितलं, ते बरंच कमी निघालं. मग गॅस रद्द, गोळी ठरली. अट एकच: सोबत कुणीतरी हवं, आणि त्या दिवशी बाइकला हात लावायचा नाही.

म्हणून सकाळी मी त्याच्या बाइकची किल्ली खिशात टाकली आणि मित्राची कार आणली. खुर्चीत त्याने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा डॉक्टर थांबले. बाहेर आला, तोंड वाकडं, डोळे जड. म्हणाला, 'थांबले रे ते.' बस, एवढंच. मग चांदणी चौकापासून गावापर्यंत झोपला.

मी मात्र रस्ताभर विचार करत होतो. चार महिन्यांपूर्वी मी हसलो नसतो, 'चल, मी येतो' म्हटलं असतं, तर ती पहाट आलीच नसती.

तुमच्या ओळखीत कुणी गालावर हात ठेवून 'होईल बरं' म्हणत फिरत असेल, तर त्याला हा एपिसोड पाठवा. आणि नुसता पाठवू नका, सोबत जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!