माहिती ढगात, चावी कोणाकडे?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



"क्लाउड कंप्युटिंग सोप्या मराठीत सांगा, वीस मिनिटांत," असं मला सांगण्यात आलं आहे. समोर निम्मी मंडळी आयटीमधली दिसतात. त्यांनी सुरुवातीला डुलकी काढली तरी चालेल, पण शेवटच्या पाच मिनिटांत जागं राहा. तिथे आपल्या मंडळाच्या कागदपत्रांचा आणि देणगीदारांच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

ढग नावाची इमारत

पूर्वी नेटवर्कचा आराखडा काढताना "इथून पुढे काय आहे त्याची आपल्याला काळजी नाही" अशा भागाच्या जागी इंजिनिअर लोक एक ढग काढायचे. तेच नाव पुढे चिकटलं. प्रत्यक्षात ढगात काहीच नसतं. जुराँग, लोयांग, ताई सेंग अशा भागांत बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती आहेत. आत हजारो कॉम्प्युटर, मोठमोठे एसी, बॅटऱ्या आणि जनरेटर. पुण्यात आजीने काढलेला फोटो इथे नातवाच्या मोबाइलवर दिसतो, तेव्हा मध्ये अशीच एखादी इमारत काम करत असते. थोडक्यात, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा कॉम्प्युटर, इंटरनेटवरून, लागेल तेवढाच, भाड्याने.

कल्पना जुनी आहे. वीज आणि टेलिफोनसारखी कॉम्प्युटरची ताकदही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून विकली जाईल, असं जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली एमआयटीमधल्या भाषणात मांडलं होतं. ती बाजारात यायला मात्र २००६ उजाडलं. त्या वर्षी मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनने माहिती साठवण्याची सेवा सुरू केली, एका जीबीला महिना १५ अमेरिकन सेंट. ऑगस्टमध्ये कॉम्प्युटर भाड्याने द्यायला सुरुवात केली, तासाला १० सेंट. एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅमेझॉनने आशिया-पॅसिफिकमधलं आपलं पहिलं केंद्र काढलं ते आपल्या सिंगापूरमध्ये. मुंबईत ते २०१६ मध्ये आलं. मायक्रोसॉफ्टने त्याआधी, २०१५ मध्ये, पुण्यात केंद्र सुरू केलं होतं.

सिंगापूरच का? खात्रीची वीज, स्पष्ट कायदे आणि समुद्राखालच्या केबल्स. सिंगटेल आणि भारती यांनी २००२ साली चेन्नई ते सिंगापूर अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची केबल समुद्राखालून टाकली. आपण आईशी व्हिडिओवर बोलतो ते उपग्रहामुळे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण बहुतेक सगळं बोलणं अशा केबलमधूनच जातं.

लग्नाच्या हॉलसारखं

क्लाउडचे तीन प्रकार सांगतात. आपल्या भाषेत सांगायचं तर लग्न घ्या. पहिला प्रकार, फक्त हॉल भाड्याने. आचारी, भांडी, किराणा सगळं आपलं. दुसरा प्रकार, हॉल, शेगड्या, भांडी आणि वाढपी त्यांचे, मेनू आणि आचारी आपला. तिसरा प्रकार, सगळंच कॉन्ट्रॅक्ट. आपण फक्त अक्षता टाकायच्या आणि जेवायला बसायचं. जीमेल हा तिसरा प्रकार. कंपन्यांतले इंजिनिअर बहुधा पहिले दोन वापरतात.

हॉल भाड्याने घेतला तरी एक गोष्ट बदलत नाही. दागिन्यांची पिशवी कोणाकडे आहे, हे घरच्यांनीच बघायचं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फायदे

पहिला फायदा, आधी मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही. एखाद्या संस्थेने स्वतःचा सर्व्हर घेतला तर तो ठेवायला जागा, वीज, बिघडला तर माणूस, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा नवा. भाड्यात यातलं काही नाही.

दुसरा, लागेल तसं कमी-जास्त करता येतं. आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकाची तिकिटं आठवा. बुकिंग उघडलं की पहिल्या दहा मिनिटांत झुंबड, आणि उरलेलं वर्षभर शुकशुकाट. त्या दहा मिनिटांसाठी वर्षभर मोठा सर्व्हर पोसायची गरज नाही.

तिसरा, राखण. चांगल्या क्लाउड कंपनीकडे सुरक्षेसाठी जेवढे तज्ज्ञ असतात, तेवढे कुठल्याही लहान संस्थेला परवडणार नाहीत. "आपल्याच खोलीत ठेवलं म्हणजे सुरक्षित" हाही गैरसमज आहे. २०१८ साली सिंगहेल्थमधून सुमारे १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, त्यात तेव्हाच्या पंतप्रधानांचीही होती. ती यंत्रणा काही सार्वजनिक क्लाउडवर नव्हती. त्याच वर्षी सिंगापूर सरकारने कमी गोपनीय यंत्रणा व्यापारी क्लाउडवर नेण्याचं धोरण जाहीर केलं, आणि महाराष्ट्र शासनानेही आपलं सार्वजनिक क्लाउड धोरण आणलं. सरकारं पूर्ण विचार करून तिकडे वळली आहेत.

तोटे

आता दुसरी बाजू. इमारत म्हटली की ती बंद पडू शकते. १४ ऑक्टोबर २०२३, शनिवार दुपार. डीबीएस आणि सिटीबँकेचं एटीएम, अ‍ॅप, कार्ड सगळं अडलं. इथल्या अनेकांना हॉकर सेंटरमध्ये रोख पैसे शोधावे लागले असतील. कारण एवढंच, की दोन्ही बँका ज्या डेटा सेंटरमध्ये होत्या तिथली थंड करणारी यंत्रणा बिघडली. नंतर संसदेत सांगितलं गेलं की सुमारे २५ लाख व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. दोन्ही बँकांकडे पर्यायी केंद्रं होती, पण ऐनवेळी तिकडे नीट वळता आलं नाही. आता हे भाड्याच्या जागेतले बँकांचे स्वतःचे सर्व्हर होते, काटेकोर अर्थाने क्लाउड नव्हे. धडा मात्र तोच. बॅकअप असणं वेगळं आणि तो चालणं वेगळं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, लोयांगच्या एका डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि अलिबाबा क्लाउडच्या ग्राहकांना फटका बसला.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची यंत्रणा चुकीने पुसली गेली. सहा लाखांहून जास्त सभासदांच्या आयुष्यभराच्या पुंजीची माहिती होती ती. पण त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, म्हणून सगळं परत आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्लाउडवरची ८५८ टेराबाइट माहिती गेली. त्याची बाहेर कुठे प्रत नव्हती. फरक पैशांचा किंवा हुशारीचा नव्हता, एका जादा प्रतीचा होता.

दुसरा तोटा, भाडं. ते कधी थांबत नाही, आणि मालक अटी बदलू शकतो. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. फुकटची सेवा तर आवरलीही जाते. आपल्यापैकी जुन्या मंडळींना याहू ग्रुप्स आठवत असेल. २००० च्या दशकात परदेशातली किती मराठी मंडळं त्यावर चालायची! नवीन आलेल्यांना घर शोधून देण्यापासून दिवाळी अंकाच्या लेखांपर्यंत सगळं तिथे. डिसेंबर २०२० मध्ये ते कायमचं बंद झालं. ज्यांनी उतरवून ठेवलं नाही त्यांच्या मंडळाचा तेवढा इतिहास गेला.

तिसरा, कायदा. माहिती कोणत्या देशात ठेवली आहे यावर कोणता कायदा लागू होतो हे बरंच अवलंबून असतं. सिंगापूरचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०१२ चा. त्यातले माहिती सांभाळण्याचे नियम जुलै २०१४ पासून लागू आहेत. माहिती देशाबाहेर पाठवली तरी तिला तितकंच संरक्षण मिळेल हे बघणं संस्थेवर बंधनकारक आहे. भारताने असा कायदा २०२३ मध्ये केला.

चौथा, वीज. २०२० मध्ये सिंगापूरच्या एकूण विजेपैकी सुमारे ७ टक्के वीज डेटा सेंटर्स वापरत होती. त्यामुळे २०१९ पासून काही वर्षं सरकारने नव्या केंद्रांना परवानगीच थांबवली आणि २०२२ मध्ये कडक अटींवर ती पुन्हा सुरू केली. आपण एकच फोटो पाच ग्रुपवर टाकतो, त्याचंही बिल कुठेतरी येत असतं!

आता आपल्या मंडळाचं

हे सगळं सांगण्याचं कारण. मंडळात दोन मतं आहेत. एक म्हणतं, सगळं एखाद्या फुकट अकाउंटवर टाका, कटकट नको. दुसरं म्हणतं, क्लाउड नकोच, खजिनदारांच्या घरी पेन ड्राइव्ह बरा. मला दोन्ही पटत नाहीत. आपली खरी अडचण मशीनची नाही, माणसांच्या ये-जा करण्याची आहे. इथे आज माणूस सचिव असतो आणि सहा महिन्यांनी त्याची सिडनीला बदली होते. त्याच्या खाजगी ईमेलवर उघडलेलं अकाउंट त्याच्याबरोबर सिडनीला जातं. दागिन्यांची पिशवी कोणाकडे, हा प्रश्न तो हाच.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

एक, अकाउंट मंडळाच्या नावाने असावं, कोणा एकाच्या नाही. चाव्या किमान तीन पदाधिकाऱ्यांकडे, आणि कार्यकारिणी बदलताना हिशोबाच्या वह्यांबरोबर त्याही रीतसर सुपूर्द व्हाव्यात. साधा पासवर्ड पुरेसा नाही, मोबाइलवरची दुसरी खूण हवीच.

दोन, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. आणि वर्षातून एकदा, समजा गुढीपाडव्याला, एक फाइल खरोखर परत उघडून बघायची.

तीन, गरज नसलेली माहिती गोळाच करू नका. सप्टेंबर २०१९ पासून कायद्याने आवश्यक असल्याशिवाय किंवा ओळख पक्की पटवण्याची खरीच गरज असल्याशिवाय ओळखपत्राचा क्रमांक घ्यायचा नाही, अशी इथली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. नाटकाच्या तिकिटाला त्याची काय गरज? जे आपल्याकडे नाहीच, ते चोरीला जाऊ शकत नाही.

चार, देणगीदारांची यादी आणि गणपतीचे फोटो एकाच फोल्डरमध्ये नकोत. फोटो सगळ्यांनी बघावेत. कोणी किती दिलं, हे ज्यांना काम आहे त्यांनीच बघावं. कित्येक जण नाव न सांगता देतात. त्यांचा तो शब्द पाळणं हा देवाणघेवाणीतला साधा प्रामाणिकपणा आहे.

एक सूचना घरासाठी. फोटोंच्या अकाउंटला आपल्यानंतर कोणी बघावं हे नेमता येतं. गूगलमध्ये ही सोय आहे, अ‍ॅपलमध्येही. दोन वर्षं न वापरलेली गूगलची खाजगी अकाउंट पुसली जाऊ शकतात. आजच घरी गेल्यावर मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून हे करून घ्या.

या मदतनिधीला आपण डोळे झाकून पैसे देता, कारण मंडळावर विश्वास आहे. पैशाचा हिशोब आपण चोख ठेवतो, तसाच माहितीचाही ठेवायला हवा. त्यासाठी महिन्यातली एक शनिवार सकाळ देणारे चार स्वयंसेवक हवे आहेत. डुलकी काढणाऱ्या आयटीवाल्यांनो, बाहेर चहाच्या टेबलाशी कागद ठेवला आहे. नावं लिहूनच चहा घ्या!