देवळालीचे कापरेकर मास्तर

(जसोंडी येथील गणेशोत्सवात केलेले भाषण)



गणपती ही विद्येची देवता. म्हणून यंदा आम्ही एका मास्तरांची गोष्ट सांगायचे ठरवले. बुऱ्हाणपूरहून मुंबईला जाताना भुसावळ, मनमाड, नाशिकरोड मागे पडले की देवळाली स्टेशन येते. त्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवत होते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात आकडेमोड चालायची. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. पण आकड्यांचा छंद सुटला नाही. पुष्कळ टिपणे त्यांनी पदरचे पैसे घालून छापली. मोठ्या विद्वानांना हा पोरखेळ वाटे. तरी मास्तर परिषदांना जात राहिले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध १९४६ चा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. मास्तरांचे जन्मवर्षच घेऊ :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तेच करून पाहा. पुन्हा ६१७४ च येते! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. आज जगभर याला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. मागे एकदा आमची मुलगी वहीच्या मागच्या पानांवर अशाच वजाबाक्या करत बसली होती. आम्ही ऑफिसातून थकून आलो होतो. म्हणालो, “हे परीक्षेत येणार आहे का? वही कशाला वाया घालवतेस?” तिने मुकाट्याने वही मिटली. ती ६१७४ च्या मागे होती हे आम्हाला नंतर कळले. मास्तरांना हसणाऱ्यांत आम्हीही जाऊन बसलो होतो. आम्ही स्वतः डिप्लोमावाले. पदवी नाही म्हणून लोक कसे बघतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तरी आम्ही तेच केले!

मास्तरांनी आकड्यांना नावेही आपल्या घरची दिली. डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून ‘डेमलो संख्या’. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या त्या ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या. आणि ‘स्वयंभू’ : एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ आणि ३ मिळून २४ झाले, म्हणजे २४ चा जन्म २१ पासून. पण काही संख्या अशा कोणापासूनच जन्मत नाहीत. त्या स्वयंभू. अष्टविनायकांच्या मूर्ती स्वयंभू म्हणतो ना, तसेच. आपल्या जपमाळेचे १०८ हीसुद्धा स्वयंभू संख्या! शिवाय बेरीज ९, आणि ९ ने भाग जातो, म्हणजे हर्षदही.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून मास्तर शिकवण्या घेत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचे मास्तर कळले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले.

आपल्या मुलांच्या घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुढे इंग्रजी. या ओढाताणीत गणिताची भीती बसते. पण आकड्यांना भाषा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. कागद, पेन्सिल आणि हौस पुरते. म्हणून एवढेच मागणे : पोर वहीच्या मागच्या पानावर काही करत असेल, तर रागावण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, “काय सापडले ग?”

आम्ही आता विचारतो. परवा तिने आमच्या मोटारसायकलचा नंबर सहा पायऱ्यांत ६१७४ वर नेला.

गणपती बाप्पा मोरया!