परत येणारी गाडी

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील माझ्या गॅरेजबंधूंनो,

आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. दुरुस्त होऊन गेलेली ऑटोमॅटिक पिकअप महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत का येते?

आपला हात बसलाय तो हातगिअरवर. भाताची पोती आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या इथल्या पिकअप आजही क्लचच्याच आहेत. पण २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स ऑटोमॅटिक गिअरसह आली, इसुझूची व्ही-क्रॉस त्याआधीपासून आहे, आणि शनिवार-रविवारी पानशेत, गुंजवणी, भाटघरकडे येणारी मंडळी या गाड्या घेऊन पाबे घाट चढतात. वाटेत बिघडली की गाडी आधी आपल्या दारात येते.

‘ओढत नाही’, ‘झटका देते’ म्हणून तक्रार येते. आपण ऑईल बदलतो, चार दिवस बरं चालतं. ऑईल कशानं खराब झालं, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

घाटाचंच घ्या. भार घेऊन हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच, लागत नाही. आत तेल घुसळत राहतं आणि तापतं. त्यात कूलर चिखलाने बुजलेला असेल तर ते काळं पडतं, करपट वास येतो. आधी कूलर धुवा, मग तेल भरा. आणि चालकाला बजावा की चढणीला ‘डी’वर सोडून न देता खालचा गिअर हाताने धरून ठेव.

पावसाळ्यातलं दुखणं याहून वाईट. मोरीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली, तर तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. लाल तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, की पाणी शिरलंच समजा. कूलर रेडिएटरच्या आत असेल तर तोही तपासा. तो आतून फुटला तरी कूलंट तेलात मिसळतं. आतल्या क्लचप्लेटांचं अस्तर कागदी असतं, पाण्याने ते सुटतं. अशी गाडी नुसतं ऑईल बदलून सोडणं मी गैर मानतो.

गाडी थरथरली की आपण ‘इंजिन मिस मारतंय’ म्हणतो आणि इंजेक्टर उघडून बसतो. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालवत ब्रेकला नुसता पाय टेकवा. लॉक-अप सुटतं. थरथर तिथेच थांबली तर दोष बहुधा कन्व्हर्टरकडे किंवा चुकीच्या तेलाकडे. चालूच राहिली तर इंजिन बघा. स्कॅनरवर लॉक-अपच्या दोषाचा पी०७४१ कोड दिसला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलायला सांगू नका. आधी तेल, वायरिंग, अर्थ आणि बॅटरीचा व्होल्टेज पाहा. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं हवं, आणि पातळी तिने दिलेल्या तापमानालाच मोजायची. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून मिळणारा डबा ठेवूच नका.

मित्रांनो, प्रत्येक गाडीची वही ठेवा. बिघाड गार असताना होतो की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, कोणतं तेल घातलं, कोणता कोड आला, हे लिहा. भोरच्या गॅरेजात दिसलेलं वेल्ह्याच्या गॅरेजाला कळवा. आयटीआयमधून आलेल्या पोरांना पाना देण्याआधी ही वही वाचायला द्या.